एका चिन्हानें पुरुष झालेली बाई



धर्मग्रंथ कोणाचा यापेक्षां त्याचा अर्थ कोण सांगतो, हा प्रश्न आम्हांस मोठा वाटतो. आपल्याकडील शास्त्रांविषयीं आपण नित्य बोलतों. आज ख्रिस्ती ग्रंथांतील एक गोष्ट सांगतों. तेथेंही मूळ शब्द मुका राहिला व अर्थ सांगणारे शिरजोर झाले.

पौलानें सुमारें इ. स. ५७ मध्यें करिंथाहून रोमच्या ख्रिस्ती मंडळीस ग्रीक भाषेंत पत्र लिहिलें. त्याच्या सोळाव्या अध्यायांत बहुतेक नमस्कारच आहेत, म्हणून वाचणारे तो घाईनें उलटतात. तेथें सातव्या वचनांत अंद्रोनीक व युनिया यांस नमस्कार आहे. हीं दोघें आपल्याबरोबर बंदींत होतीं, आपल्या आधीं ख्रिस्ती झालीं व प्रेषितांत नामांकित आहेत, असें पौल सांगतो.

युनिया हें रोमन बायकांचें नांव. रोमच्या शिलालेखांत तें अडीचशेंहून अधिक वेळां सांपडतें. युनियास असें पुरुषाचें नांव त्या काळच्या एकाही लेखांत मिळालेलें नाहीं. मग बाईचा बुवा झाला कसा? ज्यांनीं मोडी कागद वाचले आहेत त्यांस हें लवकर उमगेल. मोडींत शब्द तोडीत नाहींत, ऱ्हस्वदीर्घ पाळीत नाहींत; वाचणारा संदर्भानें लावून घेतो. जुन्या ग्रीक पोथ्याही तशाच. अक्षरें एकाला एक चिकटलेलीं, व उच्चाराचा आघात दाखविणारीं चिन्हें नाहींत. पौलाच्या वाक्यांत हें नांव कर्माच्या विभक्तींत ‘युनियान’ असें आलें आहे. आघात एका जागीं दिला तर बाई, दुसऱ्या जागीं दिला तर पुरुष!

पुढें चिन्हें घालण्याचा प्रघात पडला तेव्हां नकलनविसांनीं बाईचेंच चिन्ह घातलें. कॉन्स्टंटिनोपलचा धर्माध्यक्ष योहान क्रिसोस्तोम ४०७ सालीं वारला. ग्रीक त्याची मातृभाषा. बायकांनीं मंडळींत उपदेश करावा अशा मताचा तो मुळींच नव्हे. तरी प्रेषित ही पदवी मिळाली म्हणून त्यानें या बाईच्या ज्ञानाची वाखाणणी केली आहे.

आणि अलीकडचे पंडित? १८८१ च्या सुधारलेल्या इंग्रजी भाषांतरांत ती युनियास झाली. अभ्यासाच्या ग्रीक प्रतींत १९२७ सालीं जर्मनींत पुरुषाचें चिन्ह घातलें, तें १९९८ सालीं काढलें. १९४६ च्या इंग्रजी भाषांतरांत तर ‘पुरुष’ हा शब्दच पदरचा घातला. युक्तिवाद एवढाच कीं, प्रेषित म्हटल्यावर बाई असेलच कशी? उत्तर आधीं ठरलें, मग अक्षर वाकविलें.

बाई परत आल्यावर २००१ च्या एका भाषांतरांत ‘प्रेषितांत नामांकित’ याच्या जागीं ‘प्रेषितांना चांगली ठाऊक’ असें आलें. व्याकरण हा अर्थ अगदींच नाकारीत नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण आम्ही क्रिसोस्तोमाच्या कानावर अधिक भरंवसा ठेवतों.

त्याच अध्यायाच्या आरंभीं किंख्रियाची फिबी आहे. तिला पौल ‘दियाकोनोस’ म्हणतो. हाच शब्द तो स्वतःस व अपुल्लोसास लावतो. १६११ च्या इंग्रजी बायबलांत त्या दोघांस धर्माधिकाऱ्याचा शब्द मिळाला, फिबीस चाकराचा!

पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून केडगांवीं सोप्या मराठींत बायबल उतरविलें तें उगाच नव्हे. ज्यांच्या घरीं मराठी नवा करार असेल त्यांनीं आज रात्रीं हा अध्याय काढावा. फिबीस कोणता शब्द दिला आहे तो पहावा, मग करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांतलें पांचवें वचन काढून पौलास कोणता दिला आहे तोही पहावा.