विवाहपूर्व करार आणि स्त्रीचा हक्क



लखनौच्या रायबरेली मार्गावर उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने वसवलेली वृंदावन योजना आहे. अशा वसाहतीतील घर ही नोकरदार कुटुंबाची आयुष्यभराची कमाई असते. हप्त्यांत पत्नीच्या पगाराचा, नाही तर तिच्या बिनपगारी कष्टांचा वाटा असतो. परंतु कागदावर एकट्या पतीचे नाव असेल आणि संसार मोडला, तर ते घर कोणाचे? लग्नापूर्वी तसा लेखी करार केला, तर तो न्यायालयात टिकेल काय?

याचे उत्तर धर्मागणिक बदलते. मुस्लिम वधूला निकाहनाम्यात वाजवी अटी घालता येतात. 2008 साली लखनौतच शाइस्ता अंबर यांच्या मुस्लिम महिला पर्सनल लॉ बोर्डाने स्त्रियांचे हक्क नोंदवणारा निकाहनामा जाहीर केला. हिंदू वधूवरांच्या कराराला मात्र असा भरवशाचा आधार नाही. 1872 च्या करार कायद्याचे कलम 23 सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार रद्दबातल ठरवते. पत्नीला तिच्या माहेरातून कधीही न नेण्याचा पतीचा विवाहपूर्व करार कलकत्ता उच्च न्यायालयाने 1901 साली अमान्य केला, तो याच दृष्टीने.

गोव्याची स्थिती वेगळी आहे. तेथे 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही 1962 च्या कायद्याने चालू राहिली. लग्नापूर्वी नोटरीपुढे केलेला करार तेथे वैध असून लग्नानंतर तो बदलता येत नाही. त्याहून महत्त्वाचे हे की, करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक ठरते आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा असतो.

येथेच प्रश्नाचे मर्म आहे. विवाहाचा करार आणि मजुरीचा करार या दोहोंत कायदा उभय पक्षांना समान मानून मोकळा होतो, हे एंगल्सने 1884 सालीच दाखवून दिले. उपाशी मजूर ज्या ‘स्वेच्छेने’ सही करतो, त्याच ‘स्वेच्छेने’ हुंड्याच्या ओझ्याखालील बापाची मुलगीही करील. नुसत्या मान्यतेने श्रीमंत वराच्या वकिलाचेच फावेल.

म्हणून मागणी दुहेरी हवी. विवाहपूर्व करार सर्वांसाठी वैध व्हावा. परंतु त्याची नोंदणी, दोन्ही बाजूंच्या मालमत्तेचा खुलासा आणि वधूला स्वतंत्र वकिली सल्ला सक्तीचा असावा. पोटगी वा मुलांचे हक्क कोणत्याही सहीने बुडू नयेत. आणि करारच नसेल तेथे, संसारात मिळवलेल्या मालमत्तेत पत्नीचा निम्मा वाटा कायद्यानेच ठरलेला असावा. वृंदावन योजनेतील बहुसंख्य स्त्रियांनी कोणताही करार केलेला नसणार. त्यांना न्याय मिळेल तो या शेवटच्या तरतुदीनेच.