रोहिणीचं पाणी



रोहिणी म्हटलं की आपल्या शेतकऱ्याला नक्षत्र आठवतं, धूळवाफ पेरणीचं. आम्ही बोलणार आहोत ते रोहिणी नदीविषयी. ही लहानशी नदी नेपाळच्या तराईतून येते आणि गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. एका काठाला शाक्य, दुसऱ्या काठाला कोलिय. एकमेकांचे सोयरे, सिद्धार्थाचं आजोळच कोलियांचं.

पाली अट्ठकथेत गोष्ट आहे. जेठ महिना. पाणी उरलं ते एकाच काठाच्या पिकाला पुरेल एवढं. आधी गडीमाणसं भांडली, मग मालक शस्त्रं घेऊन आले. त्यातली एक बाब आम्हाला फार लागते. भांडण पाण्याचं, पण निघालं ते कूळ! कोलियांच्या नावाची दंतकथा अशी : कुष्ठरोगामुळे रानात ठेवलेली शाक्य राजकन्या आणि त्याच रोगातून बरा झालेला एक राजा यांनी रानातच संसार थाटला. राजा कोल म्हणजे बोरीच्या झाडाच्या ढोलीत राहायचा, म्हणून वंशज कोलिय. किती मायेची गोष्ट! शाक्यांच्या माणसांनी तिचीच शिवी केली. कोलियांनीही परतफेड केली म्हणा. महाडला २० मार्च १९२७ रोजी आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली म्हणून मार खाल्ला. तिथं तर तळं आटलेलंही नव्हतं. नुसतं कूळच पाहिलं.

म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा बाबासाहेबांच्या बुद्धीला पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने हे आधी पाहिलंच नसेल काय? १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात कारण आहे ते रोहिणीच्या पाण्याचं. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थ म्हणाला, दोन्हीकडून दोन-दोन माणसं निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निकाल द्यावा. बहुमताने ते फेटाळलं. युद्धात जायला त्याने नकार दिला आणि परिव्रज्या पत्करली.

आता आपली भातसा. धरणातून सोडलेलं पाणी आपल्या सापगावच्या पुलाखालून पुढे पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून मुंबईला. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी या भातसाचं. त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टँकर येतो! मुंबईकरांशी आपलं वैर नाही, आपलीच पोरं तिथं नोकरीला आहेत. पण या पाण्यासाठी तसे पाच जण कधी बसलेच, तर त्यांत पाड्यावरची एक बाई हवी. टँकर दुपारी येतो की रात्री, आणि किती हंडे भरल्यावर संपतो, हे तिला विचारावं लागणार नाही.