संगणकातील धूळ



आपल्या शेगावच्या आसपासची जमीन काळी. पावसाळ्यात ती पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिचाच फुपाटा होऊन घराघरांत शिरतो. त्यात हा कपाशीचा मुलूख. वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतूही हवेत तरंगतात. हे सारे शाळेतल्या संगणकाच्या पोटात जाऊन बसते, याचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही.

संगणकाचे काम चालते तेव्हा आतले भाग तापतात. ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी पेटीत पंखे असतात. प्रोसेसर म्हणजे या यंत्राचा मेंदू. त्याच्यावर धातूच्या पातळ पट्ट्या बसविलेल्या असतात. त्यांच्या फटींत धूळ कोंदली, की भर उन्हात गोधडी पांघरल्यासारखी त्याची गत होते. यंत्र आधी मंदावते आणि मग आपणहून बंद पडते. आपण म्हणतो, ‘बिघडला!’ तो कोपऱ्यात जातो आणि मुलांचे शिकणे थांबते. पुष्कळदा बिघाड काहीच नसतो. नुसता श्वास कोंडलेला असतो.

मग साफ कसे करावे? प्रथम संगणक रीतसर बंद करा आणि सर्व वायरी काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. नंतर सुरू करण्याचे बटण क्षणभर दाबा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. पेटी ओसरीवर सावलीत न्या, नाकातोंडाला रुमाल बांधा आणि बाजूचे झाकण उघडा. आपल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. आपल्याला जाणवतही नाही, पण नाजूक भागांना ती मारक ठरते. म्हणून मधूनमधून पेटीच्या उघड्या धातूला हात लावीत जा. नायलॉनचे कपडे त्या वेळी नकोत.

आता मऊ, कोरड्या ब्रशाने धूळ हलकेच सुटी करा आणि ब्लोअरने थोड्या अंतरावरून उडवा. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा; ते गरगर फिरू देऊ नका. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार जातात. ओले फडके तर मुळीच नको.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. आत वीजपुरवठ्याचा जो बंद डबा असतो, तो कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज शिल्लक असू शकते. त्याच्या जाळीवरची धूळ बाहेरूनच झाडा.

दिवाळीच्या सुटीत एकदा आणि उन्हाळ्यानंतर शाळा उघडण्यापूर्वी एकदा, एवढे केले तरी पुरे. त्यानंतरही यंत्र तापून बंद पडू लागले, तर मात्र जाणकाराला बोलवा.