दिवस वर गेल्यावर
(भगिनी मंडळाच्या मेळाव्यात धडगाव भागात काम करणाऱ्या परिचारिकेने केलेले भाषण)



मघाशी एका ताईंनी मला विचारलं, "दिवस वर गेले तर देवाच्या वेळेची वाट पाहावी, की दवाखान्यात कळा आणवून घ्याव्यात?" आमच्या पाड्यांवरच्या सासवाही हेच विचारतात. एक पावरा आजी मला म्हणाली, "मोहाचं फूल आपलं आपण गळतं. झाड हलवायला कोण जातं?"

आजीचं बरंचसं खरं आहे. चाळीस आठवडे झाले म्हणून कोणी घाबरू नये. त्या तारखेच्या आठवडाभर मागेपुढे पुष्कळ बाया बाळंत होतात. पण ४१ आठवडे उलटले की वारेची ताकद कमी होऊ लागते, पाणी आटू शकतं, बाळ पोटातच शी करू शकतं. स्वीडनमध्ये २७६० बायांचा अभ्यास झाला. निम्म्यांना ४१ आठवड्यांना कळा आणल्या, बाकीच्या ४२ पर्यंत थांबल्या. थांबलेल्यांची सहा बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. तेव्हा अभ्यास मध्येच बंद करावा लागला. हे २०१९ साली छापून आलं. तरी धोका मोठा नाही, थांबलेल्या बहुतेकींची बाळं सुखरूप असतात. म्हणून तर ठरवणं जड जातं.

आमच्याकडे खरी अडचण वेगळीच आहे. ४१ आठवडे झाले हे कळणार कसं? बाई म्हणते, "भोंगऱ्याच्या बाजाराला दिवस राहिले." होळीआधीच्या त्या बाजाराला पाळी नुकतीच येऊन गेली होती की चुकलेली होती, एवढ्यावर महिन्याचा फरक पडतो. शेवटच्या महिन्यातली सोनोग्राफीही तीन आठवड्यांनी चुकू शकते. भरवसा पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा. तारीख पक्की नसताना कळा आणल्या, तर कच्चं बाळ हातात येण्याची भीती.

गेल्या हिवाळ्यात त्या आजीच्या सुनेचं असंच झालं. पण आशाताईंनी तिला तिसऱ्या महिन्यात शहाद्याला नेलं होतं, तो कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला. त्यावरून ४१ आठवडे आणि एक दिवस झाला होता. डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या. तिने दोनच प्रश्न विचारले. "पोट फाडावं लागेल का?" वचन कोणी देऊ शकत नाही, पण ४१ आठवड्यांना कळा आणल्याने ऑपरेशनं वाढत नाहीत. "त्रास जास्त होईल?" होऊ शकतो. एक-दोन दिवसही लागू शकतात, आणि तोवर बाळाचे ठोके सारखे पाहावे लागतात. तिने रात्रभर विचार करायला मागितला. आम्ही ठोके पाहिले, ते चांगले होते, म्हणून वॉर्डातच रात्र जाऊ दिली. सकाळी तिने होकार दिला. आधी गोळी, मग सलाईन, असे तीस तास गेले. मुलगी झाली. आजी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, पण नातीला मांडीवरून खाली ठेवत नव्हती.

कधी आम्हीच नाही म्हणतो. ऊसतोडीची टोळी गुजरातला निघालेली असते, नवरा ३८ व्या आठवड्यात म्हणतो, "सिस्टर, सुई देऊन मोकळी करा." त्याची पोटापाण्याची घाई मला कळते, तरी नाही. आणि घरी येऊन कळांचं इंजेक्शन देणारे जे आहेत, त्यांच्यापासून तर हात जोडून दूर राहा. पिशवी फाटते, बाळ गुदमरतं. आधी सिझर झालेलीला तर धोका फारच.

तुमच्या देणगीतली काही रक्कम तिसऱ्या महिन्यातल्या बायांना सोनोग्राफीला नेणाऱ्या जीपच्या डिझेलवर जाते. हिशेबात ती ओळ रुक्ष दिसते.

सध्या वॉर्डात एक बाई आहे, तिच्याकडे कागद नाही. तिच्या मोजणीने नववा महिना सरलाय, सासूच्या मोजणीने दहावा लागलाय. आम्ही दिवसातून दोनदा ठोके ऐकतो, बाळ किती हललं ते तिला बोटांवर मोजायला लावतो, आणि डॉक्टर रोज सकाळी नव्याने ठरवतात.