तीन महिन्यांची वाट

घरातली कामं आवरली असतील तर जरा निवांत बसून ऐका. हात कामात असले तरी चालेल, कान इकडे ठेवा.

मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईचा आम्हाला फोन आला. तिचं नाव-गाव आम्ही सांगणार नाही. तिची तशी अटच आहे, आणि तिला विचारूनच आज बोलतोय. नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत हे तिला दिवाळी झाल्यावर कळलं. कुणाला न सांगता ती तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेली आणि एचआयव्हीची तपासणी करून आली. रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण समुपदेशक ताईंनी सांगितलं, "तीन महिने झाले की परत या." ती म्हणाली, "आजार नाही, तर परत कशाला बोलावतात? माझ्यापासून काही लपवतात का? रात्रभर डोळा लागत नाही, घास उतरत नाही."

ताई, कुणी काही लपवत नाही. हे 'परत या' काय असतं, ते आज समजून घेऊ.

आपल्याला दिवस गेलेत का, हे आपण घरी पट्टीवर तपासतो. पण संबंध आल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणी तपासत नाही. पाळी चुकेपर्यंत थांबतो. लवकर तपासलं तर दिवस गेलेले असूनही पट्टीवर एकच रेघ येते. एचआयव्हीचंही असंच आहे. विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला रक्तात प्रतिपिंडं तयार करतं. सरकारी केंद्रातली नेहमीची तपासणी ही प्रतिपिंडं शोधते. ती तयार व्हायला वेळ लागतो. बहुतेकांच्या रक्तात ती चार ते सहा आठवड्यांत दिसतात, काहींना जास्त वेळ लागतो, म्हणून पक्कं उत्तर तीन महिन्यांनी धरतात. मधल्या या काळाला 'विंडो पिरियड' म्हणतात. मोठ्या प्रयोगशाळेतल्या काही तपासण्या विषाणूचा अंशही शोधतात, त्या साधारण ४५ दिवसांत सांगू शकतात. आपली तपासणी कोणती झाली, हे समुपदेशकांना नक्की विचारा.

आता हिशोब कसा धरायचा? तपासणीच्या दिवसापासून नाही, तर शेवटचा धोका झाला त्या दिवसापासून. या ताईचा नवऱ्याशी निरोधशिवाय शेवटचा संबंध २० नोव्हेंबरला आला. तपासणी झाली १५ डिसेंबरला. म्हणजे तेव्हा जेमतेम २५ दिवस झाले होते. तिची पक्की तारीख २० फेब्रुवारी. पण मध्येच, समजा ५ जानेवारीला, पुन्हा निरोधशिवाय संबंध आला, तर मोजणी तिथून नव्याने सुरू. मग तारीख जाते ५ एप्रिलवर. इथेच पुष्कळ जणी चुकतात.

दुसरी चूक म्हणजे, "त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे मलाही काही नाही." असं नसतं. त्याचा रिपोर्ट त्याचा, आपला आपला. तोही विंडो पिरियडमध्ये असू शकतो. दोघांनी तपासून घेणं सगळ्यांत चांगलं.

लागण झालेली असेल तर या सुरुवातीच्या दिवसांत रक्तात विषाणू खूप असतात, आणि रिपोर्ट मात्र निगेटिव्ह दिसू शकतो. म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि रक्तदान करायचं नाही. बाळ अंगावर पीत असेल किंवा दिवस गेले असतील, तर समुपदेशकांना ते आधी सांगा. आपल्या मनाने दूध तोडू नका. नवऱ्याला निरोध वापरायला सांगणं सोपं नाही, हे आम्हालाही माहीत आहे. मारहाणीची भीती असेल तर एकटीने वाद घालू नका. महिला हेल्पलाइन १८१ वर बोला.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कुणावर जबरदस्ती झाली, किंवा दवाखान्यात काम करताना वापरलेली सुई टोचली, तर तीन महिने वाट बघत बसू नका. ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा. लागण टाळायची औषधं मिळतात, ती २८ दिवस घ्यायची असतात. जितकं लवकर, तितकं चांगलं.

आता त्या न लागणाऱ्या डोळ्याबद्दल. ताप आला, अंगावर पुरळ आलं, वजन उतरलं की आपण लगेच ठरवतो, "झालंच ते." पण अंगावरच्या लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही. काळजीनेही भूक जाते, पोट बिघडतं, घाम सुटतो. मोबाइलवर रात्री-अपरात्री शोधत बसलं की भीती वाढतच जाते. दर आठ दिवसांनी वेगवेगळ्या लॅबमध्ये पैसे घालूनही उत्तर लवकर मिळत नाही.

त्यापेक्षा हे करून बघा. घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला एक ठिपका मारा. कशाचा ते तुम्हालाच कळेल. विश्वासाच्या एकाच माणसाला सांगा, बहीण असो, मैत्रीण असो, आणि तपासणीला तिला सोबत न्या. काळजी दाटून आली की उठून काम हातात घ्या, चार पावलं चाला, श्वास सावकाश सोडा. शंका आली तर १०९७ या मोफत नंबरवर विचारा, नाव सांगावं लागत नाही. मन फारच खचलं, जीव नकोसा वाटला, तर १४४१६ वर फोन करा. तोही मोफत आहे.

तपासणी सरकारी आयसीटीसी केंद्रात मोफत होते. आधी समुपदेशक बोलतात, तुमची संमती घेतात, मग थोडं रक्त घेतात. रिपोर्ट तुमच्याच हातात देतात. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. गावातल्या केंद्रात जायला संकोच वाटला तर दुसऱ्या तालुक्यात जा, कुणी अडवत नाही.

आणि समजा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर? एकाच तपासणीवर कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, वेगवेगळ्या तीन तपासण्या करून खात्री करतात. २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत औषधं मोफत मिळतात. रोज गोळी घेणारी बाई शेतात राबते, मुलं वाढवते, म्हातारी होते. विषाणू तपासणीत सापडणार नाहीत इतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईने वेळेत औषधं घेतली तर बाळ बहुधा निरोगी जन्मतं.

एका ताटात जेवल्याने, एका संडासाने किंवा डास चावल्याने एचआयव्ही होत नाही. तेव्हा गटातली एखादी बाई अशी वाट बघत असेल, तर तिला प्रश्न विचारून हैराण करू नका. बैठकीत आपल्या शेजारी बसवा. तिचं गुपित मात्र तुमच्या तोंडून बाहेर जाऊ देऊ नका.

त्या ताईने आम्हाला तिची तारीख सांगितली आहे. सोबत कुणी नसेल तर त्या दिवशी आमच्यातली एक जण तिच्याबरोबर जाणार आहे. तुमच्याही गटात अशी एक जण ठरवून ठेवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. काळजी घ्या.