एका पानासाठी कपाटाला कुलूप नको
(सुवर्ण महोत्सवी समारंभातील भाषण)



आजच्या विद्यार्थ्याचे ग्रंथालय संगणकाच्या पडद्यावर सामावले आहे. त्यात मुलांना काय दिसावे व ते कोणी ठरवावे, यावर अमेरिकेत पंचवीस वर्षे वाद चालू आहे. आपल्या समाजातील अनेकांची नातवंडे तेथे शिकत आहेत आणि तोच प्रश्न आपल्याही उंबरठ्याशी येत आहे. म्हणून हा विषय आपणापुढे मांडतो.

छापील पुस्तकावर आक्षेप आला, तर ते एक पुस्तक कपाटातून निघते. डिजिटल संग्रह मात्र वर्गणी भरून एकत्रित घेतलेला असतो. त्यामुळे आक्षेप एका पानावर असला, तरी बंद होतो तो संपूर्ण संग्रह. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये युटा राज्यात असेच घडले. शाळांना पुरविलेल्या एबस्को कंपनीच्या लेखसंग्रहात अश्लील मजकूर सापडतो, अशी तक्रार झाली आणि राज्यभरातील शाळांसाठी तो बंद करण्यात आला. अधिक कडक चाळणी लावून ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा सुरू झाला. परंतु मधल्या काळात विज्ञानाचा निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही दार बंदच राहिले.

टेक्सास राज्यातील लानो परगण्याने डिसेंबर २०२१ मध्ये ओव्हरड्राइव्ह ही ई-पुस्तकांची सेवा थांबविली. आक्षेप मोजक्या पुस्तकांवर होता. वाचकांच्या हातून गेली सुमारे १७,००० पुस्तके. आम्हा कापडवाल्यांकडे ताग्यात डाग निघाला, तर तेवढा तुकडा कापून बाजूला काढतात. त्यासाठी दुकान बंद करीत नाहीत.

पालकांची चिंता खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. अपक्व वयात नको ते समोर येऊ नये, ही इच्छा प्रत्येक आई-वडिलांची असते. त्याच चिंतेतून २००० साली अमेरिकेत कायदा झाला आणि सरकारी साह्याने इंटरनेट घेणाऱ्या शाळा-ग्रंथालयांना चाळणी बसविणे बंधनकारक झाले. २००३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य ठरविला. मात्र प्रौढ वाचकाने मागणी केल्यास चाळणी काढता येते, ही सोय महत्त्वाची मानली.

परंतु वाणिज्याचा विद्यार्थी या नात्याने मी जमाखर्च पाहतो. कैसर फॅमिली फाउंडेशनने २००२ मध्ये अशा चाळण्यांची तपासणी केली. सौम्य मांडणीत ८७ टक्के अश्लील संकेतस्थळे अडली व आरोग्यविषयक स्थळांपैकी केवळ १.४ टक्के. चाळणी अत्यंत कडक केली, तेव्हा अश्लील स्थळे ९१ टक्के अडली, पण आरोग्याची २४ टक्के! चार टक्के लाभासाठी बावीस टक्क्यांहून अधिक तोटा. कोणता व्यापारी असा सौदा करील? आणि हा तोटा सोसतो कोण? ज्या मुलीला आपली शंका घरी विचारण्याचा संकोच वाटतो, ती.

लानोच्या वाचकांनी न्यायालयात दाद मागितली होती. मे २०२५ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. बोध स्पष्ट आहे. न्यायालय प्रत्येक वेळी वाचकाच्या मदतीस येईलच असे नाही. संग्रह सांभाळणाऱ्यांनीच आधी न्याय्य नियम केले पाहिजेत.

आपल्या अभ्यासिकेत डिजिटल संग्रह घ्यायचा झाल्यास मी विश्वस्तांना नम्रपणे सुचवितो :

१) तक्रार लेखी असावी आणि नेमका लेख वा पुस्तक कोणते, हे त्यात नमूद असावे.
२) समितीने ते साहित्य संपूर्ण वाचून निर्णय द्यावा. तोपर्यंत ते खुले राहावे. उर्वरित संग्रहाला हात लावू नये.
३) संग्रह वयोगटानुसार विभागावा. पालकांनी आपल्या पाल्यापुरता निर्णय अवश्य घ्यावा, इतरांच्या पाल्याचा नव्हे.

चाळणी कितीही बारीक असली, तरी मुलाला बरे-वाईट ओळखायला ती शिकवीत नाही. ते काम घरातील वडीलधाऱ्यांचे आहे. रोज अर्धा तास नातवंडांजवळ बसून ती काय वाचतात, हे आपण त्यांना प्रेमाने विचारू या.