गाडीतच मुक्काम, सातपुड्याच्या वाटेवर

दोंडाईचा म्हटलं की मिरचीचा बाजार आठवतो आणि नाकालाही झोंबतो. पण चार दिवस निवांत, गाडीतच राहून फिरायचं असेल तर निघायला हे गाव सोयीचं आहे. 2021 मध्ये राज्य शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पलंग, छोटंसं स्वयंपाकघर, शौचालय, सगळं चाकांवर.

इथून शहाद्याच्या वाटेवर सारंगखेडा लागतं. तिथे बॅरेजमुळे तापीचं पाणी अडलेलं असतं. हिवाळ्यात सकाळी घाई न करता चहा घेत काठावर बसा. केशरी-बदामी रंगाची चक्रवाक बदकं जोडीजोडीने दिसू शकतात. उन्हाळा लागला की ती लडाख-तिबेटकडे निघून जातात. दत्तजयंतीच्या सुमारास मात्र घोड्यांची यात्रा भरते, तेव्हा निवांतपणा विसरा!

पुढे सातपुड्यात तोरणमाळ आणि तिथला यशवंत तलाव. घाट वळणावळणाचा आहे. मोठी गाडी शहाद्यात ठेवून जीपने चढणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. या रानात अस्वलं आहेत. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. वारूळ उकरायचं, ओठ पुढे काढायचे आणि त्या फटीतून वाळवी सुर्रकन ओढायची, अशी त्याची रीत. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात, ती वेचायला ते हमखास येतं. तेव्हा पहाटे किंवा अंधारात मोहाखाली जाऊ नका. कळण्याची भाकरी असो की भरीत, उरलेलं अन्न गाडीबाहेर ठेवू नका. आणि मुक्काम टाकण्याआधी वनखात्याला विचारून घ्या.